मलाक्याला कोणकोण जाऊन आलंय? अनुभव लिहा

माडाची_सावली
काल पाहुण्यांना घेऊन जुन्या गोव्याला गेले होते, बॉम जेझूस चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव ठेवलेली चांदीची पेटी बघितली आणि एकदम मलेशियातलं मलाका आठवलं. तिथे सेंट पॉलच्या टेकडीवर छप्पर नसलेलं चर्च आहे, आत जाळी लावलेला रिकामा खड्डा. 1553 मध्ये त्याचं शव आधी तिथे पुरलेलं, मग गोव्याला आणलं. पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कनेही 1510 ला गोवा घेतलं आणि पुढच्याच वर्षी मलाका. भिंतीला डच थडग्यांचे पुरुषभर उंचीचे दगड टेकवून ठेवलेत, हात फिरवला की कोरलेली अक्षरं बोटांना लागतात. फार भरून आलं होतं मला. तुमच्याही आठवणी लिहा, खाण्यापिण्याच्या पण चालतील.

कुकर_झाला_का
चेंडोल!!! बर्फाचा चुरा, नारळाचं दूध, हिरव्या शेवया आणि वरून माडाचा काळपट गूळ. बाकी काही आठवत नाही 😀

सिंधुदुर्गी
टेकडीखाली तो पोर्तुगीज किल्ल्याचा सँटियागो दरवाजा बघितलात ना? एवढ्या मोठ्या किल्ल्याचा तेवढाच उरलाय. डचांनी 1641 ला जिंकला तेव्हा दुरुस्त करून वापरला, पाडला तो इंग्रजांनी, 1807 च्या सुमारास. आम्ही गडकोटवाले, जीव तुटतो हो असं बघून.

सिंगापुरी_पोहे
शनिवार-रविवारी सिंगापूरहून येऊ नका, जोहोरच्या पुलावरच अर्धा दिवस जातो. मधल्या वारी या आणि रात्री राहा, डचांच्या लाल इमारतींच्या चौकातली गर्दी संध्याकाळी ओसरते मग नदीकाठी निवांत चालता येतं. पण जोंकर स्ट्रीटचा रात्रीचा बाजार शुक्रवार ते रविवारच असतो हेही खरंय, मुलांना तोच हवा असतो, काय करणार

अंगारकी
गणपतीचं देऊळ कुणी बघितलं नाही का? पोय्याता विनायगर, 1781 चं. त्याच रस्त्याला मशीद, पुढे चिनी देऊळ. मशिदीचा मिनार चक्क पॅगोड्यासारखा! तिथले चिट्टी लोक मूळचे तमिळ व्यापाऱ्यांचे वंशज, घरात मलय बोलतात आणि देव आपलेच. एक आजी देवळात भेटल्या, माझ्या हातावर फुलं ठेवली, भाषा कळली नाही पण खूप बोललो आम्ही.

कुकर_झाला_का
@अंगारकी किती गोड 🙏 व्हेज मिळतं का पण तिथे? सासूबाईंना घेऊन जायचंय

अंगारकी
मिळतं, केळीच्या पानावरचा भात. गुडघे कसे आहेत त्यांचे? टेकडीला पायऱ्या आहेत.

नऊवारी
बाबा-न्योन्या म्युझियम चुकवू नका, मलय रीतिभाती घेतलेल्या तिथल्या चिनी वंशाच्या लोकांचं. घर पुढून अरुंद, आत लांबच लांब, मधे आपल्या वाड्यासारखा उघडा चौक. बायकांच्या सपाता होत्या, मोहरीएवढ्या मण्यांनी भरलेल्या, एकेका सपातेवर गुलाबाच्या पाकळीच्या तीन-तीन छटा. मी भरतकाम करते म्हणून सांगते, डोळे जातात हो अशा कामात. मला लाल इमारतींपेक्षा हे जास्त मोलाचं वाटलं.

माडाची_सावली
अगदी पटलं. राज्यं गेली, माणसं राहिली. समुद्राकडच्या पोर्तुगीज वस्तीत अजून क्रिस्तांग, म्हणजे पोर्तुगीज-मलय मिश्र बोली, बोलणारी घरं आहेत. तिथली डेव्हिल करी खाल्ली, व्हिनेगर आणि मिरची, थेट आमच्या विंदालूची बहीण.

सिंगापुरी_पोहे
नाताळच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या मटणाची वगैरे करतात ती. मोहरी पण असते त्यात.

कुकर_झाला_का
रेसिपी टाका ना कुणीतरी, रविवारी करते