वर्ल्ड ज्युनियर्स: 'एका खेळाडूला एकच स्पर्धा' हा नियम आइस हॉकीतही हवा का?

शिवाजीपार्ककर

आइस हॉकीची २० वर्षांखालच्यांची जागतिक स्पर्धा, म्हणजे वर्ल्ड ज्युनियर्स, नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि ५ जानेवारीच्या आसपास संपते. वरच्या गटात दहा देश असतात. अंतिम फेरी गाठणाऱ्या पोरांना एवढ्या दिवसांत सात सामने खेळावे लागतात. २०२५ची स्पर्धा ओटावात झाली. माझी मावसबहीण तिथे राहते, तिच्यामुळे मला या खेळाचा नाद लागला. आता दर डिसेंबरात पहाटे उठून तिच्याशी फोनवर भांडण असतं. त्यातलाच एक मुद्दा इथे मांडतो, कारण तो मला आपल्या क्रिकेटवरून सुचला.

बीसीसीआयने २०१६ साली ठरवलं की एका मुलाने १९ वर्षांखालचा विश्वचषक एकदाच खेळायचा. त्याआधी आपला सर्फराज खान २०१४ आणि २०१६ असे दोन खेळला, दोन्ही मिळून सात अर्धशतकं केली. नंतर मात्र ती वाट बंद झाली. मला हा निर्णय तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो. ज्युनियर संघ ही पोरं घडवायची जागा आहे. त्याच पोराला पुन्हा नेलं की दुसऱ्या कुणाची तरी जागा जाते, आणि त्या दुसऱ्याचं वय काही थांबत नाही.

आइस हॉकीत तर ही स्पर्धा दरवर्षी होते. सोळाव्या वर्षी निवडला गेलेला मुलगा तीन-चार वेळा खेळू शकतो. एरिक लिंड्रोस १९९०, ९१ आणि ९२ असा सलग तीनदा खेळला. कॉनर बेडार्डने २०२३मध्ये सात सामन्यांत २३ गुण घेतले, गोल आणि गोलसाहाय्य मिळून. तेव्हा तो अवघा १७ वर्षांचा होता आणि आदल्या ऑगस्टमधल्या, कोविडमुळे लांबलेल्या स्पर्धेतही खेळलेला होता. आयआयएचएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाच्या नियमानुसार १८ वर्षांखालच्यांना पूर्ण चेहऱ्याची जाळी घालावी लागते. बहुतेकांच्या हेल्मेटला डोळ्यांपुरती काच आणि या पोराचं तोंड अख्खं जाळीआड, आणि तरी सगळा देश त्याच्या स्टिककडे डोळे लावून बसलेला. एवढं ओझं लागोपाठ दोनदा?

माझी मागणी: आयआयएचएफने 'एक खेळाडू, एक वर्ल्ड ज्युनियर्स' असा नियम करावा. विरोध असेल तर कारणासकट लिहा.

मुलुंडची मधुरा

दादा, माझा साफ विरोध.

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, रोलर हॉकीत गोलकीपर. मुंबईत हॉकी खेळण्याजोगं बर्फाचं रिंक नाही, म्हणून आमची पोरं सिमेंटच्या कोर्टावर चाकांच्या स्केट्सवर खेळतात. गोल बसला की तो बाटलीतलं पाणी पितो, स्टिकने डावा खांब ठोकतो, मग उजवा, आणि पुन्हा गुडघ्यात वाकून उभा राहतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. मागच्या सीझनला ज्या संघाने त्याला रडवलं, त्याच संघासमोर यंदा उभं राहायचंय म्हणून तो सहा महिने सकाळी साडेपाचला उठतोय. तुमचा नियम नेमकी हीच गोष्ट काढून घेतो.

२००४चा हेलसिंकीतला अंतिम सामना घ्या. तिसरा पिरियड सुरू होताना कॅनडा ३-१ असा पुढे होता आणि अमेरिकेने तो ४-३ असा फिरवला. शेवटचा गोल कसा झाला? कॅनडाच्या गोलकीपरने, मार्क-आंद्रे फ्ल्युरीने, पक (खेळायची चकती) बाहेर काढायला फटका मारला, तो आपल्याच खेळाडूला लागला आणि उलटा जाळ्यात गेला. त्या संघात सिडनी क्रॉसबी होता, सोळा वर्षांचा. तो आणि त्या संघातले बरेच जण २००५ला परत आले आणि रशियाला ६-१ असं हरवून सुवर्ण घेऊन गेले. तुमच्या नियमाने त्या सगळ्यांची कहाणी हेलसिंकीतच संपली असती.

शिवाजीपार्ककर

मधुराताई, उदाहरण तुम्हीच दिलंत म्हणून सांगतो. फ्ल्युरीसाठी २००४ हीच दुसरी खेप होती. २००३ला हॅलिफॅक्समध्येही गोलमध्ये तोच होता, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि कॅनडा अंतिम सामना रशियाकडून ३-२ असा हरला. म्हणजे दुसरी संधी त्याला मिळाली आणि तिच्यात काय झालं ते तुम्ही वर लिहिलंयच. पुढे तो तीन स्टॅनली कप जिंकला तो एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, मोठ्यांच्या खेळात. हरल्यानंतर उभं राहायला ज्युनियर स्पर्धाच लागते असं नाही.

आणि २००५ला एवढे जुने खेळाडू परत का आले? त्या वर्षी संघमालक आणि खेळाडूंच्या वादातल्या टाळेबंदीमुळे एनएचएलचा सीझनच झाला नाही. पोरं मोकळी होती.

मुलुंडची मधुरा

टाळेबंदीमुळे आली असतील, पण आली ना? आणि ती आली म्हणून तो संघ इतका चांगला खेळला. फ्ल्युरीचं म्हणाल तर दुसऱ्यांदा वाईट झालं म्हणून दुसऱ्यांदा जाऊच द्यायचं नाही, हा न्याय मला आई म्हणून मान्य नाही.

पार्लेकर सुहास

मी धागाकर्त्याच्या बाजूने, पण माझी काळजी जागांची नाही.

२०१९च्या स्पर्धेत, व्हँकुव्हरला, उपांत्यपूर्व सामन्यात फिनलंडविरुद्ध जादा वेळेत कॅनडाच्या कप्तानाचा पेनल्टी शॉट हुकला आणि संघ हरला. त्यानंतर त्या पोराला समाजमाध्यमांवर ज्या शिव्या पडल्या त्या वाचवत नव्हत्या. वय वर्षं १९. हे घरच्या प्रेक्षकांनी केलं. १९८७ला चेकोस्लोव्हाकियात पियेश्तानीला कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांच्यात दोन्ही बाकं रिकामी होऊन मारामारी झाली, ती थांबेना म्हणून रिंकमधले दिवे बंद केले. दोन्ही संघ बाद. बाकावरच्या पोरांना मैदानात उतरण्यापासून रोखायचं काम मोठ्यांचं होतं.

सगळ्यात वाईट २०२२मध्ये उघडकीला आलं. २०१८च्या वर्ल्ड ज्युनियर्स संघातल्या खेळाडूंवर लैंगिक अत्याचाराचा आरोप झाला होता आणि हॉकी कॅनडाने, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय संघटनेने, त्या दाव्यात तडजोड करून पैसे दिले होते. असे दावे मिटवायला संस्थेकडे एक निधी होता, आणि त्यात खेळायला येणाऱ्या मुलांच्या नोंदणी फीचेही पैसे होते, हे संसदेच्या समितीपुढे आलं. प्रायोजक निघून गेले, ऑक्टोबरमध्ये संचालक मंडळाला राजीनामा द्यावा लागला. पुढे पाच खेळाडूंवर खटला चालला आणि जुलै २०२५मध्ये न्यायालयाने पाचही जणांना निर्दोष सोडलं. मी त्या निकालाबद्दल काही बोलत नाही. मी फीबद्दल बोलतोय. पोराला स्केटिंग शिकायला पाठवणाऱ्या आईबापांना आपले पैसे कुठे जातात हे माहीतच नव्हतं. ज्या स्पर्धेभोवती एवढा पैसा आणि एवढी प्रतिष्ठा गोळा होते, तिच्यात पोरांना जितकं कमी अडकवाल तितकं बरं.

मुलुंडची मधुरा

सुहासकाका, तुम्ही सांगितलेलं सगळं खरं आहे आणि वाचून अंगावर काटा आला. फी तर आम्हीही भरतो. पण यातली एक तरी गोष्ट 'एकदाच खेळा' या नियमाने टळली असती का? शिव्या देणारे प्रेक्षक, हिशेब लपवणारे पदाधिकारी, बाक न सांभाळणारे प्रशिक्षक, सगळी मोठी माणसं. आणि शिक्षा म्हणून घरी बसायचं मुलांनी?

कळवेकर

इथे सगळे कॅनडाबद्दल बोलताहेत. बाकी नऊ देशांचं काय?

२७ डिसेंबर २०२४, ओटावा. लाटव्हियाने कॅनडाला त्यांच्याच घरात शूटआउटमध्ये ३-२ असं हरवलं. गोलकीपर लिनार्ड्स फेल्डबर्ग्सने ५५ फटके अडवले. आइस हॉकी न बघणाऱ्यांसाठी सांगतो: पक म्हणजे कडक रबराची चकती, तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची, वजन १७० ग्रॅमच्या आसपास. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. असा गोठलेला रबर ५५ वेळा अंगावर, पॅडवर, ग्लोव्हजमध्ये घ्यायचा आणि समोर घरचा संघ, घरचे प्रेक्षक.

लाटव्हियाची लोकसंख्या २० लाखांच्या आत आहे. आपल्या बृहन्मुंबईची २०११च्या जनगणनेत सव्वा कोटीच्या आसपास होती. एवढ्याशा देशात १७ वर्षांचा पोरगा संघात येतो तो लाडका म्हणून येत नाही, त्या जागेवर खेळेल असा १९ वर्षांचा दुसरा नसतो म्हणून येतो. त्याला पुढच्या वर्षी बंदी घातलीत तर त्या देशाने आणायचं कुणाला? कॅनडा, अमेरिका, स्वीडन दरवर्षी कोरा करकरीत संघ उभा करतील. लाटव्हिया, कझाकस्तान खाली फेकले जातील. कझाकस्तान तर २०२५ला जर्मनीकडून जादा वेळेत ४-३ असा हरून खालच्या गटात गेलाच. एका गोलाचा फरक! तिथे दोन अनुभवी पोरं काढून घेतलीत तर संपलंच.

शिवाजीपार्ककर, तुमचा नियम गरिबाच्या ताटातली भाकरी काढून श्रीमंताला समानता शिकवतो.

शिवाजीपार्ककर

कळवेकर, मुद्दा वजनदार आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं.

बीसीसीआयचा नियम हा भारताचा स्वतःचा आहे, आयसीसीने तो कुणावर लादलेला नाही. बाकीचे देश एकाच मुलाला दोनदा खेळवू शकतात. आपल्याकडे मुलांचा तुटवडा नाही म्हणून आपण तो नियम पाळतो, आणि तरीही २०१८ आणि २०२२ला जिंकलो. २०१८चा कप्तान आपल्याच मुंबईचा, पृथ्वी शॉ. तेव्हा मागणी आयआयएचएफकडे न करता हॉकी कॅनडा आणि यूएसए हॉकीकडे करू. ज्यांच्याकडे पोरं उदंड आहेत त्यांनी हा नियम स्वतःहून घ्यावा. लाटव्हियाने घेऊ नये.

यात कुणाची भाकरी जाते ते सांगा.

कळवेकर

असं असेल तर माझा विरोध बराच कमी होतो. पण कॅनडा हे स्वतःहून कशाला करेल? २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी चेकियाने त्यांना उपांत्यपूर्व फेरीतच बाहेर काढलं. २०२५ला तर ओटावातच. अशा वेळी तिथला कुठला निवडकर्ता हाताशी असलेला खेळाडू सोडेल?

गिरगावची वसुधा

शाळेत शिकवते, म्हणून एक वेगळी गोष्ट मांडते. या स्पर्धेत वय मोजायची तारीख ३१ डिसेंबर आहे. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जन्मलेला, दोघे एकाच रांगेत. कॅनडातल्या ज्युनियर हॉकीत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुलं फार जास्त दिसतात, हे मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनी १९८५च्या सुमारास दाखवून दिलं होतं. लहानपणी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंचीत, वजनात केवढा तरी फरक. मोठं दिसणारं मूल निवडलं जातं, त्याला बर्फावर जास्त वेळ मिळतो, चांगला प्रशिक्षक मिळतो, आणि पुढे ते खरंच जास्त चांगलं खेळायला लागतं. वर्गातही हेच होतं, नाटकाला आवाज मोठा असलेलं मूल घेतात.

'एकदाच' म्हटलं की प्रत्येक निवडकर्ता खेळाडूला एकोणिसाव्या वर्षापर्यंत राखून ठेवणार. मग संघात सगळे अंगाने भरलेले, बहुतेक जानेवारी-फेब्रुवारीचे. सुहासभाऊंना काळजी आहे ती कोवळी मुलं बाहेर राहतील, हे खरं. पण उशिरा जन्मलेल्या, उशिरा वाढणाऱ्या मुलाला यातून काहीच मिळत नाही. धागाकर्त्यांना जागा वाटायच्याच असतील तर मोजणीच्या तारखेकडे आधी बघावं.

शिवाजीपार्ककर

वसुधाताई, तारीख कुठलीही धरा, कुणीतरी कडेला पडणारच. पण राखून ठेवण्याचा मुद्दा खरा आहे. सोळा-सतराच्या पोराला राखून ठेवलं तर मला त्यात वाईट काही दिसत नाही. मला तेच हवंय.

ठाणेकर, लेहचा वाटसरू

मी दोन हिवाळे लडाखमध्ये काम केलंय. लेहमध्ये मुलं गोठलेल्या तळ्यावर खेळतात. बर्फ खेळण्याजोगा राहतो तो जेमतेम दोन महिने. रात्री पाणी सोडून पृष्ठभाग पुन्हा गोठवायचं काम मोठी मुलं स्वतः करतात, सकाळी फावड्याने भुगा बाजूला करतात आणि लगेच सामना. बूट एकमेकांचे. एकाचा सामना संपला की तो बाकावर बसून नाड्या सोडतो आणि दुसरा उभ्याउभ्या वाट बघतो.

भारत १९८९पासून आयआयएचएफचा सदस्य आहे, तरी या ज्युनियर स्पर्धेच्या कुठल्याच गटात आपण नाही. आपल्या महिला संघाने २०२५ला अल ऐनमध्ये आशिया चषकात कांस्य घेतलं, तो संघ बहुतांशी याच तळ्यांवर वाढलाय. उद्या मुलांचा ज्युनियर संघ अगदी तळच्या गटात उतरला तर पहिल्या वर्षी सपाटून मार खाणार, हे तिथला कुठलाही प्रशिक्षक सांगेल. दुसऱ्या वर्षी तीच पोरं पुन्हा जायला हवीत. म्हणून धागाकर्त्याने मागणी आयआयएचएफकडून काढली हे बरं केलं. पण असे नियम श्रीमंत देशात सुरू होतात आणि पाच-दहा वर्षांत सगळ्यांना लागू होतात, याची मला भीती आहे.

पार्लेकर सुहास

लेहच्या मुलांवर तो नियम कुणी लादू नये. पण कॅनडाच्या १६ वर्षांच्या पोराला टीव्हीसमोर उभं करण्याचं समर्थन लेहच्या तळ्यावरून होत नाही.

शिवाजीपार्ककर

सुहासराव, अगदी हेच. २०२७ची स्पर्धा अल्बर्टात आहे, एडमंटन आणि रेड डिअरला. म्हणजे पुन्हा कॅनडाचं घर, पुन्हा तेच ओझं. त्यांची यादी आली की जुनी नावं किती आणि १८ खालची किती, ते मी इथे टाकतो. ज्यांना वगळलं त्या मुलांची नावंही टाकतो, कारण त्यांच्याबद्दल तिथे फार कमी बोललं जातं.

मुलुंडची मधुरा

टाका. मीही बघणार आहे, मुलाला घेऊन. जुन्या नावांत आदल्या वर्षी हरलेला गोलकीपर असला, तर आमच्या घरी त्याच्याच नावाने ओरडा होणार.