लेखन केंद्रातल्या ट्यूटरना स्वतःचा पूर्वग्रह दिसावा, यासाठी काय करता येईल?

लेखनकट्टा
नमस्कार. विद्यापीठाच्या लेखन केंद्रात एम.ए., पीएच.डी. करणारे १२ ट्यूटर आहेत. मराठी-इंग्रजी दोन्ही लेखन बघतात, एका विद्यार्थ्याला ४० मिनिटं. येणाऱ्यांत वऱ्हाड, खानदेश, मराठवाड्यातली आणि घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुलं बरीच. दर जुलैत ‘विविधता’ या विषयावर दोन तासांचं व्याख्यान होतं, सगळे माना डोलावतात, आणि सोमवारपासून लाल पेन जसंच्या तसं. व्याख्यानाऐवजी काय करावं?

काना_मात्रा
लाल पेनापासूनच सुरुवात करा. साधारण २०० शब्दांचा एक उतारा स्वतः तयार करा. खऱ्या विद्यार्थ्याचा घेऊ नका. त्यात तीन गोष्टी मुद्दाम पेरा: पुरावा नसलेलं एखादं विधान, ऱ्हस्व-दीर्घाच्या चार-पाच चुका, आणि ‘पानी’, ‘मले’, ‘तो काम करून राहिला’ अशी बोलीतली रूपं. सगळ्यांना १५ मिनिटं द्या. मग प्रत्येकाने आपल्याच खुणा तीन रकान्यांत मोजायच्या. बहुतेकदा दुसरा-तिसरा रकाना भरलेला असतो आणि बिनपुराव्याच्या विधानाला कोणी हातच लावलेला नसतो. हे आकडे स्वतःच्या हस्ताक्षरात समोर आले की वेगळं भाषण लागत नाही.

त्यानंतर ‘करून राहिला’वर अर्धा तास द्या. वऱ्हाडीत ते चालू क्रियेचं नियमित रूप आहे, प्रमाण मराठीतल्या ‘करत आहे’सारखंच. त्यामागे नियम आहे हे कळलं की ट्यूटर त्याला गलथानपणा म्हणत नाही. आणि ज्यांच्या आधाराने आपण लाल खूण करतो ते लेखननियमही माणसांनीच ठरवलेत: साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२चे, पुढचे ४ १९७२चे. ‘ण’च्या जागी ‘न’ दिसला की समोरच्याचं गाव, जात, हुशारी सगळं कळल्यासारखं वाटतं. ट्यूटरने नेमका तो क्षण स्वतःत पकडायला शिकायचं आहे.

पैलतीर
वरचं पटलं, पण एक धोका आहे. पूर्वग्रह टाळायचा म्हणून काही ट्यूटर बोलीच्या रूपांना हातच लावत नाहीत. मग परीक्षक गुण कापतो आणि नुकसान विद्यार्थ्याचं होतं. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन लेखन-शिक्षकांच्या संघटनेने १९७४मध्ये विद्यार्थ्याचा स्वतःच्या भाषेवरचा हक्क मान्य करणारा ठराव केला. तिथेही तेव्हापासून हाच वाद आहे: हक्क मान्य, पण नोकरी आणि परीक्षेचं काय?

व्यवहारात ‘शुद्ध-अशुद्ध’ हे शब्द केंद्रातून काढून टाका, ‘प्रमाण’ आणि ‘बोली’ म्हणा. ट्यूटरने म्हणायचं, “हे तुझ्या बोलीतलं रूप आहे. प्रबंधाच्या विवेचनात परीक्षक प्रमाण रूप मागतील. मुलाखतीच्या उताऱ्यात मात्र बोलणाऱ्याचे शब्द आहेत तसेच ठेव. इथे काय करूया?” निर्णय विद्यार्थ्याचा.

आणखी एक. जातीच्या अनुभवावर लिहिलेल्या निबंधावर ‘फार भावनिक, तटस्थ लिहा’ असा शेरा सर्रास पडतो. तो देण्याआधी ट्यूटरने नेमकं वाक्य दाखवावं आणि त्यात युक्तिवाद कुठे तुटतो ते सांगावं. सांगता येत नसेल तर शेरा खोडावा.

दुपारची_पाळी
आत्मपरीक्षणासाठी ऑडिओ वापरा. ट्यूटरने महिन्यातून एका सत्राचं रेकॉर्डिंग करायचं, विद्यार्थ्याच्या लेखी परवानगीने, आणि पहिली १० मिनिटं स्वतःच ऐकायची. आशयाबद्दलचा पहिला प्रश्न कितव्या मिनिटाला आला? प्रश्न विचारून ५ सेकंद थांबलो, की उत्तरही आपणच दिलं? ‘म्हणजे तुला असं म्हणायचंय’ किती वेळा आलं? पेन कोणाच्या हातात होतं हे ऑडिओत कळत नाही, म्हणून सत्र संपताच टिपून ठेवा. शहरी, सफाईने इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यासोबतचं एक रेकॉर्डिंग आणि बुजऱ्या विद्यार्थ्यासोबतचं एक, असं शेजारी ठेवून ऐकलं की फरक कानाला टोचतो.

त्याच दिवशी अर्धं पान लिहायचं. ते पान समन्वयकाने वाचायचं नाही, त्यावर मूल्यमापन तर मुळीच नाही. वाचणार हे कळलं की ‘मी सर्वांना समान वागवतो’ एवढंच लिहिलं जातं. दर १५ दिवसांनी तिघांच्या गटात ४५ मिनिटं बसा आणि प्रत्येकाने आपला एकच प्रसंग मांडा, विद्यार्थ्याची ओळख न सांगता. दलित किंवा आदिवासी ट्यूटरला ‘तुमच्याकडे कसं असतं’ असं विचारून शिकवण्याचं ओझं त्याच्यावर टाकू नका.

नोंदणीचा अर्जही तपासा. अर्जात किंवा गप्पांच्या ओघात ‘आडनाव काय? गाव कुठलं?’ म्हणजे आपल्याकडे जातच विचारणं, आणि मूल तिथेच मिटतं. त्याऐवजी ‘आज या लेखनात काय नीट व्हायला हवंय?’ हा पहिला प्रश्न ठेवा.

लेखनकट्टा
जुलैत उताऱ्यापासून सुरू करतो. एक राहिलं: पुन्हापुन्हा सांगूनही ज्यांची अक्षरं उलटसुलट होतात त्यांचं काय?

काना_मात्रा
निदान करू नका, ‘डिस्लेक्सिया आहे का?’ असंही विचारू नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन-लेखनातली अडचण, डिस्लेक्सिया त्यातलाच) येते; परीक्षेतली वाढीव वेळ, लेखनिक या सोयींची माहितीपत्रकं टेबलावर सगळ्यांसाठी ठेवा. सत्रात ट्यूटरने मजकूर मोठ्याने वाचावा, विद्यार्थ्याने कानाने चुका पकडाव्यात. एका बैठकीत एकाच प्रकारची चूक घ्या, बाकीच्यांवर खूणही नको.