क्लायंट म्हणतो "उठाव येत नाहीये", म्हणजे नक्की करू काय?

नवशिक्या_डिझायनर
येवल्याच्या एका पैठणीवाल्या काकांची साइट करतोय, होमपेज तिसऱ्यांदा पाठवलं आणि तिसऱ्यांदा व्हॉट्सॲपवर तेच, "छान आहे पण उठाव येत नाहीये". आधी रंग गडद केले, मग फॉन्ट बदलला, मग लोगो मोठा केला, आता काय स्क्रीनवर मोर नाचवू का. नक्की काय खटकतंय विचारलं तर म्हणे ते तुम्हाला कळायला पाहिजे. ५०% ॲडव्हान्स घेतलाय, सोडताही येत नाही.

रंगारी_७
मजकूर ग्रे ठेवलायस का? पांढऱ्यावर #९९९ कोडचा ग्रे म्हणजे कॉन्ट्रास्ट जेमतेम २.८:१, डब्ल्यूसीएजीच्या (साइट सगळ्यांना नीट वाचता यावी म्हणूनचे नियम) एए लेव्हलला साध्या मजकुरासाठी ४.५:१ लागतो. दुकानाच्या दारात उन्हात उभं राहून फोनवर बघितलं की सगळं फिकंच दिसणार.

नवशिक्या_डिझायनर
चेक केलं, ७ च्या वर आहे. ते नाहीये.

जुना_फ्रीलान्सर
अरे "काय आवडलं नाही" असं विचारूच नकोस, त्यांच्याकडे त्याला शब्द नसतात, तो त्यांचा धंदा नाही. त्यांच्या धंद्यातलं विचार. गिऱ्हाईक दुकानात आलं की काका पहिलं काय उलगडून दाखवतात? आणि फोन कर, व्हॉट्सॲपवर हे होत नाही. बोलताना त्यांच्याच मोबाइलवर साइट उघडायला लाव, वरून खाली काय काय दिसतंय ते वाचून दाखवा म्हण. झालं की लगेच दोन ओळीत लिहून पाठव, आपलं असं असं ठरलं, नाहीतर पुढच्या आठवड्यात पुतण्या येतो आणि परत पहिल्यापासून.

कोटेशन_बाई
कोटेशनमध्ये बदलांचे २ राउंड लिहिले होतेस का? नसतील तर पुढच्या वेळी लिही बाबा.

नवशिक्या_डिझायनर
केला फोन. पहिलं काय दाखवता विचारलं तर हसले, "पदर, दुसरं काय". मग त्यांच्या मोबाइलवर बघायला लावलं आणि म्हणाले पदर अर्धाच दिसतोय, मोर कापलेत. माझ्या लॅपटॉपवर फोटो पूर्ण दिसतो, मोबाइलवर उभ्या डब्यात ऑब्जेक्ट-फिट कव्हर (फोटोने डबा पूर्ण भरून बाहेर जाईल ते कापणारी सेटिंग) दोन्ही बाजू उडवतंय, मी बघितलंच नव्हतं 🤦 मोबाइलसाठी वेगळा उभा क्रॉप टाकला, नुसता पदर. दहा मिनिटांचं काम. रिप्लाय आला, "आत्ता उठाव आला. लोगो एवढा मोठा का केलाय?"