एलिस पेरीची कारकीर्द मुंबईच्या मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवावी का?

पार्लेकर
ऑस्ट्रेलियाची एलिस पेरी २००७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, जुलैत देशासाठी क्रिकेट खेळली आणि ऑगस्टमध्ये फुटबॉल. आपल्याकडे मात्र तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना ‘एकच खेळ धरा’ असे बजावले जाते, आणि हा आग्रह मला चुकीचा वाटतो. २०१०च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडला शेवटच्या चेंडूवर पाच धावा हव्या असताना सोफी डिव्हाइनने सरळ मारलेला सणसणीत फटका गोलंदाज पेरीने पाय पुढे करून अडवला आणि ऑस्ट्रेलियाने सामना तीन धावांनी जिंकला. असा पाय नेटमध्ये तयार होत नाही. (डिव्हाइनही न्यूझीलंडकडून हॉकी खेळलेली आहे.)

गिरगावकर
एका फटक्यावरून एवढा मोठा निष्कर्ष काढता येणार नाही. २०११च्या फुटबॉल विश्वचषकात तिने उपांत्यपूर्व सामन्यात स्वीडनविरुद्ध गोल केला, हे खरे; परंतु पुढच्याच वर्षी कॅनबेरा युनायटेडशी क्रिकेट की फुटबॉल यावरून मतभेद होऊन तिला तो क्लब सोडावा लागला, आणि कालांतराने तिचा फुटबॉल थांबला. कसोटीतील नाबाद २१३ धावा २०१७च्या, म्हणजे एकाच खेळाला वाहून घेतल्यानंतरच्या आहेत.

माटुंगा पूर्व
दोघांच्याही नजरेतून पैशाचा मुद्दा निसटला आहे. त्या काळी महिलांचे सामने मोजके आणि मानधन तुटपुंजे असल्यामुळे खेळाडूच्या पूर्ण वर्षावर कोणताही संघ हक्क सांगू शकत नव्हता, म्हणून दोन खेळ एकत्र नांदले. २०१५मध्ये महिला बिग बॅश ही ऑस्ट्रेलियातील क्रिकेट लीग सुरू झाली, व्यावसायिक करार वाढले आणि ती मोकळीक आटली. तेव्हा पेरीचा मार्ग आज कोणी निवडू म्हटले, तरी तो उपलब्ध आहे का, हा खरा प्रश्न आहे.

पार्लेकर
मी व्यावसायिक वयाबद्दल बोलतच नाही. आपली जेमिमा रॉड्रिग्ज शालेय वयात महाराष्ट्राकडून हॉकी खेळली, आणि २०२५च्या विश्वचषकात नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना तिने नाबाद १२७ धावा केल्या. त्या दिवशी समोरच्या संघात पेरीच होती, तिच्या ७७ धावा झाल्या. सतराव्या वर्षापर्यंत दोन्ही खेळ चालू राहिले, तर बिघडते काय?

गिरगावकर
बिघडते ते वेळापत्रक. जेमिमाचे वडील स्वतः प्रशिक्षक, आणि खेळाच्या सोयींसाठी त्या कुटुंबाने भांडुपचे घर सोडून वांद्रे गाठले. ज्याला घर बदलता येत नाही, तो डोंबिवलीचा मुलगा पहाटे किटबॅग घेऊन आझाद मैदानावर पोहोचतो, तिथून शाळेत जातो आणि संध्याकाळी शिकवणीला बसतो. पावसाळा फुटबॉलला द्यावा म्हटले, तर मुंबईची कांगा क्रिकेट लीगही नेमकी पावसाळ्यातच असते. त्याचा प्रशिक्षक ‘एकच खेळ धर’ म्हणतो, तेव्हा दुसरा खेळ दिवसाच्या कोणत्या तासात बसवावा, हे आपण सांगावे.