मदत हवी आहे: मुलगा सतत उड्या मारतो, गिरक्या घेतो, कॉलर चावतो

भांडुपकर:
मुलगा साडेपाच वर्षांचा, वजन १७ किलो. सोफ्यावरून उड्या, भिंतीला धडका, स्वतःभोवती गिरक्या. कॉलर चावून चिंब. बोलणं वयाप्रमाणे. घर वन आरके, खालचे रोज वर येतात. रागावलं की जास्तच करतो. घरी काय करता येईल? हा ऑटिझम तर नाही ना?

ओटी_परळ:
रागावून थांबायचं नाही ते. काही मुलांच्या शरीराला सांधे-स्नायूंवरचा ताण आणि आतल्या कानाला (तोल सांभाळणारा भाग) मिळणारी हालचाल इतरांपेक्षा जास्त लागते.

उड्यांच्या बदल्यात जोर लागणारं काम द्या. शाळेआधी आणि अभ्यासाला बसवण्याआधी १० मिनिटं: तळहात टेकवून भिंत १० वेळा ढकलणं, कणीक मळणं, तांदळाचा डबा जमिनीवरून सरकवत नेणं. यात आवाज नाही, खालचेही खूश. पाठीवर सॅक द्यायची तर वजनाच्या १० टक्क्यांच्या आत; म्हणजे लिटरची एक बाटली पुरे. गोधडीत सुरळी करून खांद्यांपासून पावलांपर्यंत दाबा. डोकं बाहेरच हवं, आणि ‘सोड’ म्हणाला की त्या क्षणी सोडायचं.

घोळ होतो तो गिरक्यांपाशी. दमून झोपेल म्हणून रात्री गरगर फिरवतात आणि पोरगं आणखी चेकाळतं. चेहरा पांढरा पडला, घाम आला, हसू आवरेना, की थांबवा आणि लगेच ढकलायचं काम द्या. संथ, पुढे-मागे झोका मात्र शांत करतो.

चावायला गाजर, सुकं खोबरं; बसवून, तुमच्या समोर. माती, खडू, भिंतीचा पोपडा खात असेल तर आधी रक्तातलं लोह तपासा.

एवढ्यावरून ऑटिझम ठरत नाही. हाकेला ओ देत नसेल, इतर मुलांत मिसळत नसेल, शाळेत बसणंच अशक्य असेल तर दाखवा. केईएममध्ये आणि हाजी अलीच्या एआयआयपीएमआर या सरकारी पुनर्वसन संस्थेत ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं, खेळ यांतून उपचार) विभाग आहेत.

भांडुपकर:
आभार. झोका पंख्याच्या हुकाला टांगला तर?

स्लॅबवाला:
अजिबात नको! जोरात झोका घेताना मुलाच्या वजनाच्या दुप्पट ओढ बसू शकते, तीही हिसक्यांनी. जुन्या इमारतीत गळतीने स्लॅबच्या सळ्या गंजलेल्या असतात, वरून दिसत नाही. दोघांनी चादरीची चार टोकं धरून जमिनीपासून वीतभर वर झुलवा.