अनुभव धागा: खेळाडू मुली आणि त्यांचं 'दिसणं'

केवडा
2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी क्रिकेटचा वर्ल्डकप जिंकला, त्या रात्री घरच्या ग्रुपवर स्मृती मानधनाचे फोटो येत राहिले. किती गोड दिसते, केस किती छान. सांगलीची पोर, कौतुक मलाही आहेच. पण तिच्या 434 धावांबद्दल कुणी ओळ लिहिली नाही. आणि फायनलला 58 धावा करून पाच विकेट काढणारी दीप्ती शर्मा? मालिकावीर ती, तिचा एक फोटो नाही!

मला शाळेतली जिल्हा खो-खो स्पर्धा आठवली. नववीत होते. आमची एक पळती दोन्ही डावांत तीन-तीन मिनिटं हाती लागली नाही. सावळी, किडकिडीत, कोपरं सोललेली. सामना तिनं काढला. फोटोवाले काका म्हणाले, "त्या गोरीला पुढे घ्या, ढाल तिच्या हातात द्या." ती गोरी मी. राखीव होते, मैदानात उतरलेसुद्धा नव्हते. पेपरात आलेलं कात्रण आईनं फ्रेम केलं, अजून माहेरी भिंतीवर आहे. ती मागच्या रांगेत, अर्धीच दिसते.

तुमचेही अनुभव लिहा.

गवतफूल
वाचून गलबललं. बोलणं आहे का तुमचं तिच्याशी?

पाड्यावरची
कविता राऊतनं 2010 ला दिल्लीत कॉमनवेल्थमध्ये 10,000 मीटरला ब्राँझ आणलं, तेव्हापासून मी पळायला लागले. आजीचं एकच, उन्हात काळी पडशील, कोण करून घेईल तुला. म्हणून पहाटे चारला निघायचे. नंतर तीच सवय पोलीस भरतीला कामी आली. बाकी रात्री लिहिते, ड्युटी आहे.

तांबडी माती
चारला? कुत्री नाही लागायची मागे?

पाड्यावरची
लागायची ना. हातात काठी घेऊनच पळायचे.

बाबा_लेकीचा
मुलगी 14 वर्षांची, वेटलिफ्टिंग करते. लग्नात एक मावशी म्हणाल्या, खांदे पोरासारखे झालेत गं. त्या दिवसापासून बिनबाह्यांचं काही घालत नाही. कालपासून सराव नको म्हणतेय. काय सांगू तिला?

गवतफूल
दादा, मीराबाई चानूचा टोकियो ऑलिंपिकचा व्हिडिओ दाखवा. 49 किलोचा गट आणि 115 किलो डोक्यावर! ते खांद्यांशिवाय होतं का?

तांबडी माती
आणि मावशींना सांगा ना स्पष्ट. पोरीसमोर सांगा, तिला ऐकू दे.

मेलबर्नकर
2015 ला इथे ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये टेनिसपटू युजीनी बुशार मॅच जिंकली आणि कोर्टवरच मुलाखतीत तिला गिरकी घेऊन ड्रेस दाखवायला सांगितलं. बिचारीनं घेतली गिरकी. माझी लेक टीव्हीसमोर होती, विचारते, आई, शॉट्सबद्दल का नाही विचारलं? मला उत्तर सुचेना. कुकरची शिट्टी झाली, येते.

खुंटाजवळ
केवडा, मातीवर खेळायचात ना? आता सगळं मॅटवर. मातीत सूर मारायची मजा वेगळीच, पण गुडघे वाचतात हल्ली.

तांबडी माती
आमच्या मैदानावर खडेच जास्त. हळद लावून परत पळायचो.

केवडा
@गवतफूल, मधे बोलणं तुटलं होतं. आज धाडस करून फोन केला, फोटोचं बोलले. तिला त्या दिवसाचे सगळे गडी आठवतात, कुणाला कुठल्या खांबापाशी हुलकावणी दिली तेही. मग म्हणाली, तो पेपर आमच्या घरी आणलाच नव्हता मी. पुढे दोघींना बोलता येईना. दिवाळीत माहेरी गेले की ती फ्रेम उतरवणार आहे.

बाबा_लेकीचा
व्हिडिओ दाखवला. दोनदा बघितला तिनं. बोलली काही नाही, पण सकाळी सहाचा गजर लावलाय.