मदत हवी आहे: हेडलाईटला एलईडी टाकला, लुकलुकतोय. घाटात काही दिसत नाही

सेकंडशिफ्ट_लोटे
नमस्कार. शिफ्ट रात्री अकराला सुटते. मग परशुराम घाट उतरून चिपळूण, पुढे गुहागर रस्त्याने आत वाडीपर्यंत. पाऊस लागल्यापासून हेडलाईटमध्ये काही म्हणजे काही दिसत नाही. परवा रस्त्यात बसलेली म्हैस दहा फुटांवर आल्यावर दिसली. घरी लहान मुलगी आहे, रोज वाट बघत जागी असते.
साडेआठशे रुपयांचा एलईडी बल्ब आणून घातला. फिट बसला. पण गाडी उभी असली की लुकलुकतो, अप्पर-डिपर केलं तरी फरक पडत नाही, दुकानदार परत घेत नाही. उद्या चिपळूणला जातोय. कुठला बल्ब घेऊ? फक्त नाव सांगा.

घाटवाट
बल्ब नंतर, आधी रिले टाका (स्विचच्या इशाऱ्यावर बॅटरीचा करंट थेट दिव्याला जोडणारी डबी). हेडलाईटचा करंट स्विचमधून फिरून येतो तोवर होल्डरवर व्होल्टेज पडतं. ते १०% पडलं तर प्रकाश साधारण ३०% पडतो. बॅटरीतून थेट जाड वायर, मध्ये १५ अँपिअरचा फ्यूज, आणि साधा ६०/५५ वॅटचा एच४ जातीचा हॅलोजन बल्ब. मी तीन वर्षांपूर्वी केलं, वरंध घाटात रात्री निवांत येतो.

रायडर_कोथरूड
लुकलुकणारा एलईडी म्हणजे आतला ड्रायव्हर, म्हणजे करंट सांभाळणारं सर्किट, हलका. थोडे पैसे जास्त घालून पंखावाला घ्या. हॅलोजनचे दिवस गेले.

तारजुळारी
गाडी कुठली?

दिवा_कर
सगळ्यांना विनंती, एलईडीचा सल्ला देताना समोरून येणाऱ्याचाही विचार करा. कशेडीत एका बाईकच्या पांढऱ्या झोतामुळे मी रस्ता सोडून गटारात गेलोय, कॉलरबोन मोडलं. हॅलोजनमध्ये डिपरच्या तारेखाली पत्र्याची छोटी वाटी असते, ती खालचा प्रकाश अडवते, म्हणून झोताला वर कड येते. रिफ्लेक्टर त्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीच्या पट्टीवर चिप थोडी जरी हलली तरी प्रकाश सगळीकडे फेकला जातो. डिपर करून फरक दिसत नाही असं धागाकर्ते म्हणतात, तो हाच प्रकार.

रायडर_कोथरूड
सगळे एलईडी तसे नसतात. माझ्या गाडीला कंपनीचाच एलईडी आहे, कोणी तक्रार केली नाही.

दिवा_कर
कंपनीने दिलेला अख्खा दिवाच एलईडीसाठी बनवलेला असतो. इथे हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी कोंबायचं चाललंय. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सेकंडशिफ्ट_लोटे
गाडी स्प्लेंडर. मला वाटलं लिहिलंय. रिलेचं सामान चिपळुणात मिळेल का?

तारजुळारी
थांबा, रिले घेऊ नका. कुठल्या सालची? किक का सेल्फ? इंजिन बंद असताना चावी फिरवून हेडलाईट लागते का?

सोनचाफा
पावसात पांढरा प्रकाश घेऊच नका, ओल्या डांबरावर तो गायब होतो. पिवळा बल्ब घ्या. आमच्या आंबा घाटात एसटीवाले काय वेडे म्हणून पिवळे फॉग लॅम्प लावायचे?

कणाद
पिवळा प्रकाश धुक्याच्या आरपार जातो हा समज आहे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, ते सगळे रंग सारखेच विखुरतात. फॉग लॅम्पचा फायदा होतो कारण तो खाली बसवलेला असतो आणि झोत आडवा, वर न जाणारा असतो. डोळ्याला पिवळा कमी बोचतो, तेवढं मान्य.

सोनचाफा
विज्ञान तुमच्याकडे ठेवा. वीस वर्षं घाटात गाडी चालवतेय, मला पिवळ्यात दिसतं.

कायदेकर
मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. गाडीत मूळ रचनेबाहेर बदल करता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी त्यावरच बोट ठेवू शकते. आणि १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींना हेडलाईट कायम चालू असते, त्यावरही कोणीतरी लिहायला हवं. दिवसा तो दिवा कशाला?

सेकंडशिफ्ट_लोटे
२०११, किक. इंजिन बंद असताना लाईट लागत नाही, हॉर्न वाजतो. बॅटरीवर २.५ लिहिलंय. याचा बल्बशी काय संबंध?

तारजुळारी
सगळा संबंध आहे. तुमची हेडलाईट बॅटरीवर नाही, थेट मॅग्नेटोच्या (इंजिनबरोबर फिरून वीज बनवणारा भाग) एसीवर, म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या करंटवर आहे. एसी सारखा शून्यावर येतो. हॅलोजनची तार तेवढ्यात गार होत नाही म्हणून कळत नाही, एलईडी मात्र लगेच विझतो आणि पेटतो. इंजिन मंद असलं की ते डोळ्याला दिसतं. पंखावाल्याने ते जाईलच असं नाही.
घाटवाट, त्या अडीच अँपिअर-अवरच्या बॅटरीवर ३५ वॅट म्हणजे सुमारे तीन अँपिअर. चार्जिंग पुरं पडलं नाही तर तासाभरात बॅटरी बसेल. आणि तुमचा एच४ याला घालायचा तर त्याचा पत्र्याचा कान घासावा लागतो, कारण इथला मूळ बल्ब एचएस१ आहे, ३५/३५. एच४ ला लागतो तेवढा करंट हा मॅग्नेटो देतच नाही.

घाटवाट
बुलेट समजून लिहिलं होतं, चुकलं. पण मग मॅग्नेटोची कॉईल बदलून हेडलाईट पूर्ण डीसीवर, म्हणजे बॅटरीवर करून घ्यावी. एकदाच खर्च.

जुना_गॅरेजवाला
डीसी पण नंतर बघू. भाऊ, एक सांगा. गेल्या पावसाळ्यात याच गाडीवर, याच बल्बवर, याच घाटात दिसत होतं का?

सेकंडशिफ्ट_लोटे
हो, चांगलं दिसायचं. या एप्रिल-मेपासून कमी झालं.

जुना_गॅरेजवाला
मग बल्बचं नाव विचारूच नका. काहीतरी खराब झालंय ते शोधा. एचएस१ मुळातच एच४ च्या निम्मा, अप्परला ८२५ ल्युमेन विरुद्ध १६५०. त्यातलं वाया गेलेलं चालायचं नाही. पुढचं तोंड उघडा. होल्डरच्या तीन पिना बघा, अर्थची वायर काळी किंवा हिरवी पडलीय का बघा, बल्ब काढून बोट न लावता रिफ्लेक्टर बघा. कोकणातल्या दमटीत पाच-सहा वर्षांत त्याची चांदी उडते. रेस दिल्यावर प्रकाश किती वाढतो तेही कळवा. आणि फोटो टाका.

कायदेकर
दिवसाच्या दिव्याबद्दल कोणीच बोललं नाही.

सेकंडशिफ्ट_लोटे
चार दिवसांनी लिहितोय, माफ करा, नाईट लागली होती. फोटो चढत नाहीये. उघडून बघितलं. अर्थची पीन जळून काळी, होल्डर एका बाजूने वितळलेला. रिफ्लेक्टरला खालच्या अर्ध्यात चांदीच नाही, राखेसारखा झालाय. होल्डर आणि आख्खं हेडलाईट युनिट बदललं, बल्ब साधा ३५/३५ घातला.
फरक खूप आहे. पण गाडी उभी असली की अजून मंद होतो.

तारजुळारी
उभ्या गाडीत मंद होणारच, एसी आहे. आता झोत लावून घ्या. सपाट जागी भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करा, सीटवर माणूस बसवा, दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर खडूची रेघ. डिपरची वरची कड त्या रेघेखाली पाच सेंटिमीटर यायला हवी.

जुना_गॅरेजवाला
आणि घाट उतरताना क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये येऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन फिरतं ठेवा. ब्रेकला आराम आणि दिव्याला करंट.

सेकंडशिफ्ट_लोटे
हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. पेट्रोल वाचवायला मी अख्खा परशुराम घाट न्यूट्रलमध्ये उतरायचो. काल दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, पाऊस होता, तरी कडेचे पांढरे दगड वळणाच्या आधी दिसले. भिंतीवरची रेघ रविवारी मारतो, मुलीला सीटवर बसवून चालेल का, का मोठं माणूसच हवं?

जुना_गॅरेजवाला
तुमच्याच वजनाचं कोणीतरी बसवा. मुलीच्या हातात खडू द्या.